एल्कचं मांस, ट्रेकची सॅक आणि सहाशे डॉलर

पत्र: ताई, मी मूळचा नाशिकचा, सध्या अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरजवळ राहतो. वयाने लहान आहे, तेव्हा 'तू'च म्हणा. ऑफिसातले दोन सहकारी दर ऑक्टोबरात एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातात. यंदा त्यांनी मलाही बोलावलंय, मुख्यतः मांस वाहून आणायला. बंदूक मी धरणार नाही. माझ्याकडे सह्याद्रीत भरपूर हिंडलेली ६० लिटरची सॅक आहे. ते म्हणतात ती चालणार नाही, मीट शेल्फ (मांस बांधायची जागा) असलेली फ्रेम, म्हणजे भक्कम सांगाड्याची सॅक घे. त्यांनी दाखवलेली सॅक सहाशे डॉलरच्या वर जाते. बायको म्हणते, एका वीकेंडसाठी एवढे पैसे? खरंच जुनी सॅक चालणार नाही का? नक्की किती वजन येतं? आणि वाटा मिळाला तर ते मटणासारखं शिजवता येईल का?

उत्तर: बायकोचं म्हणणं ऐक. सहाशे डॉलर यंदा खर्च करू नकोस. पण सहकाऱ्यांचंही खरं आहे: फ्रेम हवीच. ती उसनी आण, भाड्याने आण, नाहीतर स्वस्तातली घे, पण आण. जुनी सॅक अठरा-वीस किलोपर्यंत निभावेल, तीही भरायची पद्धत बदललीस तर. त्यापुढे ती तुझ्या खांद्यांची वाट लावेल.

आधी वजन, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण अंगाने दांडगा. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर साधारण ३०० किलोच्या घरात जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. कातडं, डोकं, आतडी, हाडं सगळं वगळून नराचं निव्वळ मांस ८० ते १०० किलो भरतं, मादीचं ६० ते ७०. यातलं थोडं नेलं आणि उरलेलं रानात टाकलं, असं करता येत नाही. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे चारही पायांचं मांस, पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब पट्टे आणि आतल्या बाजूचे दोन मऊ तुकडे हे आणावंच लागतं. खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा तिथे गुन्हा आहे. हा नियम मला फार आवडतो.

आता तिघांत हिशेब कर. ९० किलो मांस म्हणजे माणशी ३०. शिवाय पाणी, गरम कपडे, रेनकोट, हेडटॉर्च, प्रथमोपचार असं स्वतःचं सहा-सात किलो असतंच. म्हणजे एकाच खेपेत आणायचं म्हटलं तर पाठीवर ३६-३७ किलो येणार. दोन खेपा केल्या तर ओझं बावीसच्या आसपास येतं, पण अंतर वाढतं. जनावर रस्त्यापासून ५ किलोमीटर आत पडलं असेल तर बाहेर ५, परत आत ५, पुन्हा बाहेर ५ असे १५ किलोमीटर होतात, त्यातले १० ओझ्यासह. तीन खेपांना हेच २५ होतात. आणि हे सगळं सकाळभर चढून झाल्यावर.

म्हणून सहकाऱ्यांना सॅकबद्दल विचारण्याआधी एक गोष्ट विचारून घे: रस्त्यापासून किती आत जाऊन मारणार आहात? तीन माणसं आहेत आणि त्यातला एक नवखा आहे, तर तीन-चार किलोमीटरच्या आत राहा, असं मी म्हणेन. दरीत उतरलेल्या एल्कवर नेम धरताना तो वर कसा आणायचा हे आधी ठरलेलं असावं लागतं. नेम धरणारा बहुतेक वेळा त्या घाईत हा हिशेब करत नाही. ज्याच्या पाठीवर ओझं येणार आहे त्याने तो आदल्या रात्रीच करून घ्यावा.

उंचीचंही भान ठेव. कळसूबाई १,६४६ मीटर, डेन्व्हर १,६०९. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराएवढ्या उंचीवर तू रोजच झोपतोस. ऑक्टोबरात एल्क सापडतात ती जंगलं बहुधा २,७०० ते ३,३०० मीटरवर असतात. तिथे रिकाम्या पाठीनेही धाप लागते.

आता तुझी ६० लिटरची सॅक का कमी पडते ते सांगते. ती वाईट नाही, वेगळ्या कामासाठी शिवलेली आहे. तंबू, स्लीपिंग बॅग, कपडे, शिधा हे सामान मोठं पण हलकं असतं. सॅक भरली तरी वजन पंधरा-अठरा किलो. मांस नेमकं उलटं. त्याची घनता जवळजवळ पाण्याएवढी, म्हणजे २५ किलो मांस साधारण २५ लिटर जागा घेतं. तुझी सॅक निम्मीही भरणार नाही आणि सगळं वजन खाली तळाशी, कमरेच्या मागे लोंबत राहील. ते तुला मागे ओढणार, तू तोल सांभाळायला पुढे वाकणार, आणि तासाभरात पाठ बोलायला लागणार. पुण्याच्या मार्केट यार्डातला हमाल पोतं कसं घेतो ते आठव. ते कमरेजवळ लोंबत नाही, वर खांद्यांच्या मध्ये पाठीला चिकटून बसतं. मांसही तसंच वर आणि चिकटून बसायला हवं.

दुसरी अडचण पट्ट्याची. ट्रेकच्या सॅकमधला कमरपट्टा मऊ फोमचा असतो. वीस-बावीस किलोच्या पुढे तो दबतो, कंबरेवरून घसरतो आणि सगळं ओझं खांद्यांवर जातं. तिसरी अडचण सांगाड्याची. आतल्या पातळ पट्ट्या वाकतात, आणि बहुतेकदा त्या खांद्याच्या पातळीलाच संपतात. खांद्यावरच्या मुख्य पट्ट्यांच्या वर ते जे दोन छोटे पट्टे असतात (लोड लिफ्टर म्हणतात त्यांना, बहुतेक ट्रेकर जन्मात कधी ओढत नाहीत), ते खांद्यापासून वरच्या दिशेने तिरके जायला हवेत, ३० ते ४५ अंशांत. तरच ते ओझं पुढे, अंगाकडे ओढतात. त्यासाठी सांगाडा खांद्यापेक्षा चार-सहा इंच उंच हवा. तुझ्या सॅकमध्ये ते पट्टे बहुधा आडवेच राहत असतील. घरी आरशासमोर बघ.

मीट शेल्फ म्हणजे फार काही मोठं तंत्रज्ञान नाही. फ्रेम वेगळी, पिशवी वेगळी. बाजूचे पट्टे सैल केले की दोघांच्या मध्ये फट तयार होते. मांस त्या फटीत, फ्रेमला टेकून ठेवायचं आणि पिशवी त्याच्यावर बाहेरून आवळायची. जड वस्तू पाठीजवळ, हलकी लांब. रक्त तुझ्या जॅकेटला लागत नाही हा वरचा फायदा.

कल्पना जुनीच आहे. वॉशिंग्टन राज्यात १९२०च्या दशकात लाकडी चौकटीची ट्रॅपर नेल्सन नावाची सॅक निघाली, ती वनखात्यातल्या माणसांपासून शिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी वापरली. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टीने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट केली आणि तिला कमरपट्टा जोडला. चौकटी तो बनवायचा, पिशव्या बायको नीना शिवायची. वजन खांद्यांवरून कमरेवर नेण्याची ती युक्ती आजच्या प्रत्येक महागड्या सॅकच्या मुळाशी आहे.

महागड्यांबद्दल. माँटानातल्या बोझमन परिसरात सुरू झालेल्या मिस्टरी रँच आणि स्टोन ग्लेशियर, बॉयझीची एक्सो, ग्रँड जंक्शनची सीक आउटसाइड, शिवाय किफारू, या कंपन्यांची नावं तुझे सहकारी देवांच्या नावांसारखी घेत असतील. सॅक उत्तम आहेत. फ्रेम आणि पिशवी मिळून पाचशे ते आठशे डॉलर पडतात, आणि चाळीस किलो घेऊनही आकार सोडत नाहीत. पण यांच्या आपापसातल्या फरकापेक्षा तुझ्या अंगाला नीट बसणारी आणि न बसणारी यांतला फरक कितीतरी मोठा आहे. मापाची स्वस्त फ्रेम बेमापाच्या महाग फ्रेमपेक्षा केव्हाही बरी. आल्प्स आउटडोअर्झची कमांडरसारखी नळ्यांची बाहेरची फ्रेम त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शात मिळते. चालताना करकरते, दाट झाडीत अडकते, दिसायला वडिलांच्या पिढीतली. शिकाऱ्याला करकर नको असते, पण तू मांस आणायला जाणार आहेस तेव्हा जनावर आधीच पडलेलं असेल. तुझ्या कामाला ती छान आहे.

माप कसं घ्यायचं? मान खाली घाल. मानेच्या तळाशी जो मणका उठून दिसतो तिथे बोट ठेव. दुसऱ्या हाताने कमरेच्या हाडाची वरची कड शोध, म्हणजे हात कमरेवर ठेवल्यावर अंगठे जिथे टेकतात ती रेघ. या दोन्हींमधलं अंतर पाठीवरून टेपने मोजायला बायकोला सांग. हेच तुझं माप. उंचीवरून माप घेऊ नकोस. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते आणि साडेपाच फुटी माणसाची लांब. कमरपट्ट्याची मधली रेघ त्या हाडाच्या कडेवर यायला हवी. आपल्यापैकी बरेच जण पँट बांधतो तिथे, म्हणजे पोटाखाली, पट्टा बांधतात. तिथे तो टिकत नाही.

मग ती फ्रेम घेऊन चाल. दुकानात दिलेल्या वाळूच्या पिशव्या अंगावर घेऊन पाच मिनिटं फिरणं म्हणजे काहीच नाही. इंडियन स्टोअरमधून वीस पौंडी तांदळाच्या दोन पिशव्या आण. एकेक नऊ किलोची, म्हणजे अठरा झाले. त्या टॉवेलमध्ये गुंडाळून शेल्फवर बांध आणि तासभर चढ-उतार कर. डेन्व्हरवाल्यांना रेड रॉक्स या खुल्या नाट्यगृहाच्या पायऱ्या आहेतच. पुढच्या आठवड्यात तिसरी पिशवी टाक. खांदे दुखले तर पट्टा कमरेवर नीट बसलेला नाही किंवा फ्रेम आखूड आहे. कमरेचं हाड हुळहुळलं तर ते ठीक, सवय होते. पाय बधिर झाले किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला मुंग्या आल्या तर पट्टा चुकीच्या जागी आवळतोय, ती फ्रेम परत कर. तांदूळ पुढे खाता येतो, हा खर्च बायकोलाही पटेल.

बाकीच्या गोष्टींवर फार डोकं खपवू नकोस. लिटर किती? बेस कॅम्पवरून जाऊन-येऊन करणार असशील तर ३०-४० पुरे. कॅमोच्या (झाडीत मिसळून जाणाऱ्या) छापाला जादा पैसे देऊ नकोस. कापड धुता येणारं हवं. रक्ताला थंड पाणीच, गरम पाण्याने डाग बसतो.

तरीही जुनीच सॅक न्यायची असेल तर असं भर: तळाला स्लीपिंग बॅग किंवा फुगीर जॅकेट, म्हणजे मांस वर राहील. त्यावर मांसाची पिशवी, पाठीला टेकवून. बाहेरच्या बाजूला बाकी सामान. आत जाड कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी घाल, नाहीतर पुढच्या ट्रेकला तुझ्या तंबूभोवती कोण कोण येईल सांगता येत नाही. पण प्लास्टिक फक्त चालताना. गाडीजवळ पोचलास की मांस लगेच बाहेर काढ. प्लास्टिकमध्ये मांसाची ऊब कोंडते आणि ते खराब होतं. मांस ठेवायचं ते हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत, सावलीत टांगून, आणि नंतर बर्फाच्या पेटीत ४ अंश सेल्सिअसच्या खाली. एल्कचं कातडं जाड असतं. थंडी असली तरी मांडीच्या हाडाजवळ ऊब तासन्‌तास राहते. म्हणून सोलणं आणि तुकडे करणं लगेच व्हायला हवं. त्या कामात तुझा हात लागेल. मटण खाणं आणि मान टाकलेल्या जनावराजवळ सुरी घेऊन बसणं यात अंतर आहे, त्याची मनाशी तयारी ठेव.

बांधतानाचं तंत्र. हाड काढलेलं मांस ढिलं असतं, पिशवीत खाली घरंगळतं. म्हणून शेल्फचा खालचा आडवा पट्टा सगळ्यात आधी आणि सगळ्यात घट्ट आवळ, मग मधला, मग वरचा. हाडासकट मांडी आकार धरून राहते, बांधायला सोपी, पण जड. गुडघ्याखालचा भाग सांध्यातून काढून टाक आणि जाड बाजू वर ठेव. परवानाधारकाने लिंग ओळखू येईल असा अवयव मांसाला जोडलेला ठेवायचा असतो, तेव्हा सगळं स्वच्छ करण्याच्या उत्साहात तू तो कापून टाकू नकोस.

उचलतानाच बहुतेकांची पाठ धरते. तीस किलो हाताने उचलून खांद्यावर फिरवायचं नाही. सॅक उतारावर किंवा ओंडक्याला टेकवून उभी कर, तिच्यापुढे बस, पट्टे चढव, गुडघ्यांवर ये, मग काठ्यांचा आधार घेऊन ऊठ. दोन ट्रेकिंग काठ्या नसतील तर जाऊच नकोस, असं मी सांगेन. त्या जंगलांत साल पोखरणाऱ्या किड्यांनी मारलेले पाइन आडवे पडलेले असतात. ओझं घेऊन एकेक ओंडका ओलांडताना काठीच वाचवते. उभं राहिल्यावर क्रम असा: आधी कमरपट्टा, मग खांद्याचे पट्टे, मग ते वरचे छोटे, शेवटी छातीचा. विश्रांती घेताना सॅक उतरवू नकोस, उंच ओंडक्यावर टेकव. आणि गुडघ्यांचा खरा कस उतारावर लागतो, चढावर नाही.

नारिंगी जॅकेटचं एक सांगायला हवं. रायफलच्या हंगामात कोलोरॅडोत शिकाऱ्याला कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि तशीच टोपी सक्तीची आहे. तू शिकार करत नसलास तरी घाल. मोठी सॅक पाठीवरचा सगळा रंग झाकते, म्हणून सॅकवरही नारिंगी कापड बांध. शिंगं सॅकला बांधून आणणार असाल तर त्यांच्यावर दोनदा बांध. झाडीतून हलणारी शिंगं लांबून कशी दिसतील याचा विचार कर.

अस्वलांची धास्ती घेऊ नकोस. कोलोरॅडोत काळी अस्वलं आहेत. शेवटचं ज्ञात ग्रिझली १९७९ मध्ये सान हुआन पर्वतात मारलं गेलं. पुढे कधी माँटाना-वायोमिंगला गेलास तर गोष्ट वेगळी. तिथे अस्वलाचा फवारा कमरपट्ट्यावर हवा, सॅकच्या आत असून उपयोग नाही.

बंदूक धरणार नाहीस हे बरं. तू व्हिसावर असशील तर तिथला बंदुकीचा कायदा तुझ्यासाठी वेगळा आणि किचकट आहे. वकिलाला विचारल्याशिवाय "जरा धर रे" एवढ्यासाठीही हातात घेऊ नकोस. टॅग (मारलेल्या जनावराला लावायची परवान्याची पट्टी) परवानाधारकाचा असतो आणि तो मांसाबरोबर राहतो. तुझा वाटा घेऊन वेगळ्या गाडीने निघणार असशील तर त्याच्या सहीची चिठ्ठी घे: परवाना क्रमांक, तारीख, कोणतं जनावर, किती मांस.

आणि सगळंच जड वाटत असेल, तर दोन पर्याय आहेत. भाड्याने लामा मिळतात. हो, ती उंच मानेची, तोंड वाकडं करणारी. एकेक लामा तुझ्या पाठीवर येईल तेवढं ओझं कुरकुर न करता नेतो, निदान वाटेवर तरी. दोन चाकांची मांसगाडीही मिळते, पण वाइल्डरनेस म्हणून राखीव ठेवलेल्या क्षेत्रात चाक चालत नाही, नकाशा आधी बघा.

शिजवण्याआधी तपासणी. हरणांच्या मेंदूचा जो क्षयकारी रोग अमेरिकेत पसरलाय तो पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सला लक्षात आला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण डोकं तपासणीला देऊन निकाल येईपर्यंत वाटा फ्रीजरमध्येच ठेव. कापताना हातमोजे घाल, मेंदू आणि मणक्याला सुरी लावू नकोस.

निकाल चांगला आला की मग रस्सा. एल्कमध्ये चरबी जवळजवळ नसते, म्हणून मटणाच्या अंदाजाने तेल घातलंस तर कोरडं होईल; थोडं सढळ घाल. पाठीचे पट्टे कुकरमध्ये अजिबात टाकू नकोस, चामडं होईल. ते जाड कापून गरम तव्यावर दोन्हीकडून भाजायचे, आत गुलाबी राहू द्यायचे. खांदा आणि पिंढरी मात्र कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला लाव, मटणापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त. वाटणी करताना पिंढऱ्या बहुतेकदा किम्यासाठी बाजूला टाकतात. त्या तू मागून घे.